विस्तारवाढ करावी, पण कोणत्या हिशेबाने?



गाळप हंगाम आटोपला की आपल्या नांदेड-लातूर भागात पारावर दोनच विषय निघतात. एक पावसाचा, दुसरा कारखान्याच्या विस्तारवाढीचा. "गाळप क्षमता दुप्पट करा, आसवनी टाका, नाहीतर खाजगीवाले आपला ऊस उचलून नेतील," असं एकजण म्हणतो. "कर्ज काढून यंत्रं उभी कराल, अन् पुढच्या साली ऊसच नसला तर?" असं दुसरा विचारतो. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

राज्याच्या साखर उत्पादनाचे आकडे बघा. 2016-17 च्या हंगामात सुमारे 42 लाख टन साखर झाली, आणि लगेच पुढच्या हंगामात 107 लाख टन. 2019-20 मध्ये पुन्हा 62 लाखांवर उतरली आणि 2021-22 मध्ये 137 लाखांवर गेली. 2024-25 मध्ये 81 लाख. हे सगळं आठ-नऊ वर्षांत घडलं आहे. अशा धंद्यात सरासरी काढून प्रकल्प अहवाल तयार करणं म्हणजे नदीचं पाणी सरासरी गुडघाभर आहे असं ऐकून पुरात बैलगाडी घालण्यासारखं आहे.

फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1921 साली एक फरक मांडला होता, तो आपल्याला चांगला उपयोगी पडतो. जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी, असं त्याचं म्हणणं. जी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आणि किती वेळा घडते याची नोंद आपल्यापाशी असते, ती जोखीम. बॉयलरची नळी फुटणं, मिल बंद पडणं, उचल घेतलेली टोळी न येणं, उतारा अर्ध्या टक्क्याने घसरणं, या सगळ्याची रजिस्टरं कारखान्याच्या दप्तरात आहेत. त्यावरून अंदाज बांधता येतो, विमा उतरवता येतो, अंदाजपत्रकात अनपेक्षित खर्चाची शेकडा काही तरतूद धरता येते. प्रकल्प अहवालाची रीत इथे चांगली चालते, तिला उगाच नावं ठेवू नयेत.

पण लातूरला रेल्वेने पाणी येईल हे कोणत्या रजिस्टरात होतं? एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच वर्षी पावसाळ्यात एवढा पाऊस झाला की नद्या पात्राबाहेर आल्या. सप्टेंबर 2025 मध्ये तर अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली. एका धरणाच्या लाभक्षेत्रात दहा वर्षांत एवढं बघायला मिळत असेल तर दहा टक्के तरतूद कशाकशाला पुरणार?

आणि आभाळ तरी वरून दिसतं, सरकारी आदेश दिसत नाही. इथेनॉलचं घ्या. बऱ्याच कारखान्यांनी कर्जं काढून आसवन्या वाढवल्या. 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन हंगामात, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात 17 लाख टन साखरेपुरती सवलत दिली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुढच्या वर्षासाठी बंधनं उठवली. बँकेचे हप्ते मधल्या काळात थांबले नव्हते. उसाची एफआरपी 2022-23 मध्ये क्विंटलला 305 रुपये होती, ती 2024-25 मध्ये 340 झाली. रसाच्या इथेनॉलचा दर मात्र तेवढ्या काळात लिटरला 65 रुपये 61 पैसे तो तसाच राहिला. एफआरपी वाढली ही आपल्या हिताचीच गोष्ट. पण ऊस घालणारे आपण, आणि कारखान्याचे मालकही आपणच, तेव्हा हा पेच आपल्याच घरात येतो.

आता हिशेब धरून बघू. समजा नव्या कर्जाचा वर्षाचा हप्ता 16 कोटी रुपये आहे. आठ लाख टन गाळप झालं तर टनामागे 200 रुपये बसतात. चार लाख टन झालं तर 400, आणि दोन लाख टनांवर 800. दुष्काळात ऊस कमी, म्हणजे नेमक्या त्याच साली टनामागचा बोजा जास्त. तो भरायचा कुठून? आपल्या ऊसबिलातून नाहीतर आपल्या ठेवीतून. यंत्र पुरवणाऱ्याशी कितीही कडक करार करा, यंत्र ठरल्याप्रमाणे चाललं नाही तर तो दंड देईल. गव्हाणीत ऊस नाही म्हणून कोणी दंड देत नसतं.

मग काही करूच नये का? तसंही नाही. 2021-22 साली आपल्याकडे काय झालं ते कोणी विसरलेलं नाही. ऊस तोडणीवाचून मेपर्यंत, काही ठिकाणी जूनपर्यंत उभा होता. तुरे आले, वजन घटलं, लोक चिठ्ठीसाठी गटऑफिसच्या पायऱ्या झिजवत होते. क्षमता कमी ठेवण्यातही नुकसान असतं, फक्त ते ताळेबंदात दिसत नाही, ते शेतात वाळतं.

माझं मत टप्प्याटप्प्याने जाण्याचं आहे. पाया आणि इमारत मोठ्या क्षमतेच्या हिशेबाने बांधा, पण यंत्रं निम्मी घ्या. दोन हंगाम नोंद ऊस टिकला, ठिबकखालचं क्षेत्र वाढलं, तर पुढची घ्या. याला एकूण खर्च जास्त येतो हे खरं. यंत्राच्या किमती वाढतात, ठेकेदार दोनदा बोलवावा लागतो. पण ते जास्तीचे पैसे थांबण्याची मोकळीक विकत घेण्यासाठी आहेत. आसवनी टाकायचीच तर मळी आणि धान्य दोन्हीवर चालेल अशी टाका. मार्च 2025 मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांना अशा बदलासाठी व्याज सवलतीची योजना आणली आहे. तिच्यातही मेख आहे बरं का. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनचा पेरा मोठा, मका बहुतांशी बाहेरून आणावा लागेल, आणि सगळ्याच आसवन्या मका मागू लागल्या तर त्याचा भाव आपल्या हातात राहणार नाही. तरी एक दार बंद झालं तर दुसरं उघडं राहतं. कापसात तुरीच्या ओळी घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

सर्वसाधारण सभेत विषय येईल तेव्हा 'मंजूर, मंजूर' म्हणण्याआधी संचालक मंडळाकडे एक तक्ता मागावा, अशी माझी सूचना आहे. त्यात तीन रकाने असावेत: साधारण वर्ष, 2016 सारखं वर्ष आणि 2021-22 सारखं वर्ष. प्रत्येकात गाळप किती, हप्ता कुठून भरणार, ऊसबिल किती दिवसांत देणार. नियम 14 दिवसांचा आहे, तेव्हा पाळता येईल का नाही ते आकड्यात लिहावं. आणि किती टनांच्या खाली गेलो तर दुसरा टप्पा थांबवायचा, तो आकडाही ठरावातच घालावा, कारण नंतर तो कोणीच ठरवत नाही. सभेची नोटीस ज्या पाकिटात घरी येते त्याच पाकिटात हा तक्ता यावा, म्हणजे चार सभासदांना बांधावर बसून सवडीने हिशेब मांडता येईल.

— एक ऊस उत्पादक सभासद