गाळाला गिऱ्हाईक आहे, मग पाणी का नासवता?

साथींनो,

झारखंडच्या कोळसापट्ट्यातून भरलेल्या रेक आपले रनिंग स्टाफचे भाऊ रात्रंदिवस ओढतात. त्यातला बराच कोळसा आधी वॉशरीत धुतला जातो. कोळसा फोडायचा, जड खनिजाची पूड मिसळलेल्या पाण्यात सोडायचा. चांगला कोळसा वर तरंगतो, दगड तळाला जातो. मागे उरते काळे पाणी, त्यात कोळशाची पिठासारखी भुकटी. ते नदीत सोडले की दामोदरकाठच्या माणसाने प्यायचे काय?

मालक म्हणतात, पाणी साफ करून पुन्हा वापरणे परवडत नाही. आम्ही म्हणतो, ही थाप आहे. काळे पाणी थिकनरच्या गोल टाकीत घ्यावे, गाळ धरणारे औषध टाकावे. वरचे नितळ पाणी पंपाने परत वॉशरीत, खालचा गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून कोरडा. वीज लागते, सुटे भाग लागतात, माणूस लागतो, हे खरे. पण यात नवा शोध लागायचा बाकी नाही.

केंद्राचा नियमही हेच सांगतो: पाणी आतल्या आत फिरवा, बाहेर सोडू नका. शक्य नसेल तर लिटरमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ नको. मालकांची सगळी पळवाट 'शक्य नसेल तर' या तीन शब्दांत आहे!

1991 साली पश्चिम बोकारोच्या वॉशऱ्यांतील गाळाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघाले. घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्कात शुद्ध पाणी आणि हवा येते, असे न्यायालयाने सांगितले. अर्ज मात्र फेटाळला. का? अर्जदार स्वतःच त्या गाळाचा गिऱ्हाईक निघाला. त्याला जादा गाळ हवा होता, कंपनी देत नव्हती!

यातून आम्ही दोन धडे घेतो. ज्याला गिऱ्हाईक आहे तो कचरा नव्हे, माल आहे. तो अडवणे परवडत नाही, हे कोणी सांगू नये. आणि कागदावरचा हक्क स्वार्थी एकट्याच्या हातून पदरात पडत नाही. त्याला संघटना लागते.

म्हणून आमची मागणी: ती पळवाट बंद करा. वॉशरीच्या तपासणीत कामगारांचा प्रतिनिधी घ्या. गाळाच्या तळ्यात उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराला कायम करा.

रेक आपण ओढतो, साथींनो. तिच्यामागे काळी होणारी नदीही आपलीच आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!