थिसिसचा प्लॉट गच्चीवर चालेल का?

प्रति,
महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे



उद्यानविद्येत एम.एस्सी. करायचं तर आपल्या चारही कृषी विद्यापीठांत वाटा आखलेल्या आहेत. फळशास्त्र, भाजीपाला, फुलं, नाहीतर मसाला आणि औषधी पिकं. ही आखणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. दापोलीचे ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ आंबे, राहुरीचं ‘भगवा’ डाळिंब, वेंगुर्ल्याचे काजू याच शिस्तीतून आले. 1990 साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि माळरानं हिरवी झाली, तेव्हाही हीच विद्या कामाला आली.

पण 2011 च्या जनगणनेतच राज्यातली 45 टक्के माणसं शहरांत मोजली गेली. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात उमेदीची वर्षं काढल्यामुळे माझ्याकडे अजूनही पदवीधर मुलंमुली येतात. त्यांतल्या काहींना शहरातल्या शेतीवर प्रबंध करायचा असतो. प्लॉट कुठे घेणार, असं विचारलं की ती गप्प होतात. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर मिरचीचे चार वाण आणि खतांच्या तीन मात्रा घेतल्या की प्रबंध बिनबोभाट पार पडतो, हे त्यांना सिनियरांनी सांगितलेलं असतं. म्हणून परिषदेकडे माझी एकच मागणी आहे. ज्याला नागरी शेतीवर काम करायचं आहे, त्याचा प्लॉट शहरात असू द्या.

गच्चीवर भाजी लावणाऱ्याला वाणाच्या आधी वजनाचा विचार करावा लागतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतं. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या पुढेच जाते. वीतभर मातीचा वाफा सगळीकडे पसरला, तर तो हिशेब दुपटीच्या वर गेला. म्हणूनच मुंबईतल्या जाणत्या गच्चीकरांनी माती जवळजवळ सोडूनच दिली. रसवंतीतली उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यांनी हलकं माध्यम तयार केलं. श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा वारसा त्यामागे आहे. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कॅन्टीनच्या कचऱ्यावर बाग फुलवली, ती याच वाटेनं.

हे सगळं हौसेनं आणि हुशारीनं उभं राहिलं. आता त्याला मोजमाप हवं. चिपाडात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं, त्यामुळे अर्धवट कुजलेली चिपाडं पिकाच्या वाट्याचं नत्रही ओढून घेतात. मग माध्यम किती आठवडे मुरू द्यायचं? मुंबईच्या पावसात त्यातलं किती अन्नद्रव्य गच्चीच्या पाइपातून गटारात जातं? माध्यम बसत गेलं की दर हंगामाला किती भर घालायची? आज या प्रश्नांची उत्तरं बाटलीबंद ‘टॉनिक’ विकणारे देतात. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातले क्षार रोपांना जाळतात, हेसुद्धा पुष्कळांना रोपं गेल्यावरच कळतं.

दुसरा प्रश्न भाजीत शिरणाऱ्या विषारी धातूंचा. तो अधिक अवघड आहे आणि त्याला फारसं कुणी हात लावत नाही. लोकलच्या रुळांकडेला पालक, लाल माठ, भेंडी पिकताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक कॅडमियम सहज शोषतो. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत साठलेलं शिसं तिथेच राहतं. धुतल्यानं पानावरची धूळ जाते, पानाच्या आत शिरलेलं जात नाही. कोणत्या जागेवर पालेभाजी नको आणि कोणत्या जागेवर दुधी-दोडका चालेल, हे प्रयोगशाळेतूनच ठरेल. अन्यथा आपण त्या पिकवणाऱ्यांना नुसती नावं ठेवतो आणि संध्याकाळी स्टेशनबाहेर जुडी घेतो.

विद्यापीठातली एक शंका मला ठाऊक आहे. गच्चीवरची आकडेवारी संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही, कठड्याची सावली एकीकडे, पाण्याच्या टाकीची दुसरीकडे. मला यात उलट सोय दिसते. जमिनीचा कस एका दिशेनं बदलतो, तिथे आपण मुलांना ‘आरबीडी’, म्हणजे गटवार मांडणी, लावायला शिकवतो. दोन दिशांनी बदलत असेल तर ‘लॅटिन स्क्वेअर’ आहेच. सावलीचा उतार हा कसाच्या उतारासारखाच मोजता येतो. ड्रम आणि क्रेट तर उचलून हवे तिथे ठेवताही येतात, ही चैन प्रक्षेत्रावर मिळत नाही.

जागेची तर सबबच नको. पुण्यातलं शिवाजीनगरचं आणि नागपूरचं कृषी महाविद्यालय, दोन्ही शंभरी ओलांडलेली, दोन्ही भर शहरात. नागपूरचं महाराजबाग प्राणिसंग्रहालयसुद्धा कृषी महाविद्यालयच सांभाळतं. अशा जमिनींकडे बांधकामवाल्यांचं लक्ष असतं, हे मी आपल्याला सांगायला नको. तिथे शहराचं काम चाललेलं दिसलं, तर ती जमीन राखणंही सोपं जाईल.

गच्चीवरच्या शेतीनं मुंबई-पुण्याचं पोट भरेल, असा दावा मी करत नाही. ज्वारी, तांदूळ, कांदा गावाकडूनच येणार. पण 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्या खताचा दर्जा पाहणारा, ते कुठे आणि कसं वापरायचं ते सांगणारा शिकलेला माणूस सोसायट्यांना मिळत नाही. आणि आपले एम.एस्सी. झालेले विद्यार्थी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेची तयारी करत असतात.

नवा विभाग, नवी इमारत, नवी पदं यांत आपण अडकू नये. त्यात दहा वर्षं जातील. असलेल्या भाजीपाला विभागातच परवानगी द्या. सल्लागार समितीत मृदाशास्त्रज्ञाबरोबर एखादा स्थापत्य अभियंता घ्या. गच्ची ज्या सोसायटीची, तिच्याशी दोन वर्षांचा लेखी करार विद्यापीठानं करावा, विद्यार्थ्याच्या भिडेवर सोडू नये. सोसायटीची कमिटी बदलली की ड्रम खाली उतरवले जातात. आणि एखाद्या मुलीच्या प्रबंधात अमुक पट्ट्यातला पालक खाण्याजोगा नाही असं निघालं, तर ते विद्यापीठाच्या कपाटात न ठेवता त्या पट्ट्यावर राबणाऱ्यांना आधी, मराठीतून, कळवावं.

कळावे,
आपला,
एक निवृत्त उद्यान अधीक्षक