न्यायालयांतील लेखणी

लघुलेखक म्हणजे साहेबाच्या तोंडाकडे पाहून कागद खरडणारा कारकून, असा समज आपल्या घरांतून अद्यापि आढळतो. मुलांच्या व्यवसायाचा विचार करतांना वडीलधाऱ्यांनीं तो टाकून द्यावा.

न्यायालयांत उच्चारलेला शब्द हवेंत विरतो. मागें राहतो तो लेख. अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशानें बहुधा साक्षीदारास पाहिलेलेंहि नसतें. ‘मी तेथें होतों’ आणि ‘मी तेथें नव्हतों’ ह्यांत कानास अंतर थोडें. आरोपीस मात्र तें घर आणि कारागृह ह्यांमधील अंतर होय. लोकमान्यांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्याचा शब्दशः वृत्तांत न. चिं. केळकरांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केला, म्हणूनच ज्यूरीपुढील तें भाषण आज आपणांस वाचावयास मिळतें.

अमेरिकेंत न्यायालयाचा वृत्तलेखक विशिष्ट यंत्रावर प्रत्येक प्रश्न व उत्तर जसेंच्या तसें टिपतो. आपली रीत निराळी आहे. सत्र न्यायालयांत साक्ष सामान्यतः कथनरूपानें नोंदली जाते. आवश्यक वाटल्यास न्यायाधीश ती प्रश्नोत्तररूपानें घेऊं शकतात. नोंद झाल्यावर ती साक्षीदारास वाचून दाखवावी, असा दंडक जुन्या फौजदारी संहितेंत होता, व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतहि तो आहे.

आतां शिक्षणाविषयीं. आयझॅक पिटमन ह्यांनीं १८३७ मध्यें आपली लघुलिपि प्रसिद्ध केली. तिचें मर्म संस्कृत व्याकरण शिकलेल्यास तत्काळ उमगेल. ती स्पेलिंग पाहत नाहीं, ध्वनि पाहते. अघोष ‘प’ला बारीक रेघ, तर घोष ‘ब’ला तीच रेघ जाड, ‘त’ आणि ‘द’ ह्यांचेंहि तसेंच. स्वर टिंबांनीं व लहान रेघांनीं दाखवितात. लघुलेखनाच्या व टंकलेखनाच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. जिल्हा न्यायालयांतील तृतीय श्रेणीच्या लघुलेखकांसाठीं २०२३ च्या भरतींत पदवी, तसेंच मिनिटास इंग्रजी १०० व मराठी ८० शब्दांचें लघुलेखन, आणि अनुक्रमें ४० व ३० शब्दांचें टंकलेखन अपेक्षित होतें. ही गति नित्य श्रुतलेखनानेंच येते. घरांतील कोणी रोज अर्धा तास वर्तमानपत्र वाचून दाखविल्यास उत्तम साह्य होईल.

यंत्रें आल्यावर ही विद्या कशास, असें तरुण विचारतील. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढें, महाराष्ट्रांतील सत्तासंघर्षाच्याच सुनावणींत, यंत्राकडून लेखन करविण्याचा प्रयोग झाला, हें खरें. परंतु वऱ्हाडांतील शेतकऱ्याची वा मालवणांतील कोळिणीची बोली, तिच्यांतील हुंदका, अर्धवट तुटलेलें वाक्य, दोन वकिलांचा एकाच वेळीं चाललेला कलकलाट, ह्यांतून नेमकें काय बोललें गेलें तें ठरविण्यास जाणता माणूसच लागतो.

महाभारत लिहावयास बसतांना गणपतीनें लेखणी थांबूं नये अशी अट घातली, आणि व्यासांनीं अर्थ समजल्यावांचून लिहूं नये अशी उलट अट घातली, ही कथा प्रसिद्धच आहे. पहिली अट अभ्यासानें पुरी होते. दुसरीसाठीं वाचन, भाषेचें ज्ञान आणि सचोटी हवी. आणि ती शिदोरी मुलामुलींस घरांतूनच मिळते.