गाडीवर नाव मोठ्या कंपनीचे, पण नेमणूकपत्र कुणाचे?

देशात ट्रकचालक मिळत नाहीत, अशी वाहतूक कंपन्यांची ओरड आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला देशात २२ लाख चालकांची कमतरता असल्याचे सांगितले होते. दुसरीकडे बालाघाट जिल्ह्यातील लामता, परसवाडा पट्ट्यातले तरुण धानाचा हंगाम आटोपला की कामासाठी गोंदिया-नागपूरची वाट धरतात. एकीकडे काम आहे, दुसरीकडे हात आहेत. तरीही दोघांची गाठ टिकत नाही. हेवी लायसन्स काढलेले पोरगे मोठ्या कंपनीत लागते, चार-सहा महिन्यांत गाडी सोडून घरी येते आणि गावात बोलले जाते, ‘त्याले जमलं नाही.’

का जमले नाही, याचा शोध घ्यायचा तर त्याच्या ड्रायव्हिंगपेक्षा आधी त्याच्या कागदांकडे पाहावे लागते. तो नेमका कुणाच्या नोकरीत होता, हेच अनेकदा त्याला ठाऊक नसते.

लामत्याहून लाइनवर

लामता बालाघाट-नैनपूर रेल्वेमार्गावर आहे. सातपुड्याची जुनी नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आली आणि गोंदिया ते जबलपूर हा सरळ मार्ग खुला झाला. गोंदियाहून पुढे नागपूर किंवा रायपूर गाठणे सोपे आहे. जिल्ह्यात ट्रकला मालही कमी नाही. मलाजखंडचे तांबे, भरवेली-उकव्याचे मँगनीज, बालाघाट-वारासिवनीचा तांदूळ आहे. नदीपलीकडे गोंदियाच्या राईस मिल आहेत. त्यामुळे ट्रक, ताडपत्री, बिल्टी, वजनकाटा हे शब्द इथल्या पोरांना शाळेपासून माहीत असतात.

भाषेचाही फायदा आहे. घरी पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, पलीकडच्या नातेवाइकांशी मराठी. नागपूर, जबलपूर आणि रायपूर या तिन्ही दिशांना बोलून काम काढता येईल, असे चालक कंपन्यांना हवेच असतात.

लायसन्सची वाट मात्र लांब आहे. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वय किमान २० वर्षे लागते. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते. आठवी पासची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनाही दार उघडले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे २० वर्षांचा होईपर्यंत नुसते क्लीनर म्हणून फिरण्याऐवजी लहान गाडीवर हात बसवता येतो. एमपी-५० चे लायसन्स देशभर चालते. नागपूरच्या कंपनीत लागण्यासाठी महाराष्ट्राचे लायसन्स लागत नाही.

‘कंपनीत लागला’ म्हणजे कुठे लागला?

खरा घोळ इथून सुरू होतो. रस्त्यावर एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या पन्नास गाड्या दिसल्या तरी त्या सगळ्या त्या कंपनीच्या असतीलच असे नाही. साधारण तीन प्रकार असतात. पहिला, गाडी कंपनीची आणि चालकही कंपनीच्या पगारावर. दुसरा, गाडी कंपनीची, पण चालक पुरवणारा कंत्राटदार वेगळा. तिसरा, गाडी एखाद्या मालकाची, कंपनीकडे ‘अटॅच’ केलेली; पत्र्यावर नाव कंपनीचे, पगार मालकाचा.

विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये एका ट्रकवर सुरू केलेली हुबळीची व्हीआरएल कंपनी स्वतःच्या गाड्यांचा मोठा ताफा बाळगण्यासाठी ओळखली जाते. पण देशातला बराच माल आजही लहान मालकांच्या गाड्यांवरच चालतो. मोठ्या कंपन्या माल घेतात आणि गाड्या बाजारातून भाड्याने उचलतात. त्यात गैर काही नाही. मात्र नव्या चालकाला आपण यातल्या कोणत्या प्रकारात आहोत, हे पहिल्या दिवशी कळले पाहिजे. पीएफ कोण भरणार, अपघातात कोण उभे राहणार, हिशेबाचा वाद कुणाकडे न्यायचा, ही सगळी उत्तरे त्यावर ठरतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील व्यावसायिक सुरक्षा संहितेने कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ‘आधी दोन ट्रिप मार, मग पाहू’ या बोलीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो आणि प्रत्येक सदस्याला यूएएन क्रमांक मिळतो. उमंग अॅपवर पासबुक उघडले की पैसे कोणाच्या नावाने जमा होत आहेत, ते दिसते. आपण खरेच कुणाचे कामगार आहोत, हे तपासायची यापेक्षा सोपी रीत नाही.

पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसीचा हक्कही येतो. सीमेवरच्या चालकाची अडचण अशी की काम नागपुरात आणि बायकामुले लामत्यात. कुटुंबासाठी कोणता दवाखाना जोडला आहे, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे लागते. नाहीतर पगारातून दर महिन्याला पैसे कापले जातात आणि घरच्यांना त्याचा उपयोग होत नाही.

डिझेल, ट्रिप आणि कापणी

नवा चालक गाडी सोडतो त्याचे सगळ्यात मोठे कारण महिनाअखेरचा हिशेब. पगार ठरलेला असतो, ट्रिपचा भत्ता ठरलेला असतो, आणि शेवटी हातात येते ते भलतेच.

डिझेलचे उदाहरण घ्या. समजा कंपनीने लिटरला ४ किलोमीटर असा अॅव्हरेज ठरवला आहे. हजार किलोमीटरच्या ट्रिपला २५० लिटर मंजूर. गाडीने २७० लिटर खाल्ले, तर वरचे २० लिटर चालकाच्या नावावर. लिटरला ९० रुपये धरले तरी एका ट्रिपला १,८०० रुपये गेले. महिन्यात चार ट्रिप अशा झाल्या तर ७,२०० रुपये. यात चालकाची चूक किती, घाटाचा रस्ता किती, जुने टायर किती आणि जादा वजन किती, हे कुणी वेगळे काढत नाही.

मुरलेले चालक इथेच सावध असतात. गाडी ताब्यात घेताना मीटरचे आकडे, टाकीतले डिझेल, टायर आणि स्टेपनी यांचे फोटो काढून सुपरवायझरला पाठवून ठेवतात. वजनकाट्याची पावती जपतात. माल उतरवल्यावर पोचपावतीवर गोण्यांची संख्या आणि वेळ लिहून घेतात. गोडाऊनबाहेर गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांची नोंद करून घेतात, कारण त्या मुक्कामाचा भत्ता नंतर तोंडी मागून मिळत नाही. गिअर जपून टाकणे आणि उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणे, यानेही अॅव्हरेज सुधारतो.

पावती नसलेला खर्च हा दुसरा खड्डा. सीमेवरच्या ‘एंट्री’ने पिढ्यान्‌पिढ्या चालकांचे हिशेब बिघडवले. मध्य प्रदेश सरकारने १ जुलै २०२४ पासून सीमेवरचे परिवहन चेकपोस्ट बंद केले. पण वाटेत कुठेही दिलेल्या रोख पैशाची पावती नसते आणि कंपनीच्या ऑफिसात पावतीशिवाय काहीच चालत नाही. अशा खर्चाबद्दल कंपनीचा नियम काय, हे निघण्याआधीच विचारलेले बरे. जादा वजनाचेही तसेच. कायद्यात त्यासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये असा दंड आहे. गाडी भरताना ‘चालते ना बाप्पा’ म्हणून मान डोलावली की पुढचा सगळा वाद चालकाच्या गळ्यात पडतो.

झोप कुणाच्या हिशेबात?

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने ती १० आणि ५४ तासांपर्यंत जात होती. पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. तो कायदा आता नव्या संहितेत सामावला गेला आहे आणि दिवसाच्या ८ तासांचे तत्त्व तिथेही आहे. प्रत्यक्ष लाइनवर हे तास कुणी मोजत नाही. जीपीएस गाडी थांबल्याचे लगेच सांगतो. चालक किती तास झोपलेला नाही, हे सांगत नाही.

घाई सरकारी कागदाची असते, असे चालकांना सांगितले जाते. ते पूर्ण खरे नाही. ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून साधारण मालासाठी २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. ८०० किलोमीटरला चार दिवस मिळतात. दीड दिवसात पोहोचण्याची सक्ती असते ती कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या कराराची. मग त्या करारात दुसऱ्या चालकाचा खर्च धरला आहे का, हा प्रश्न कंपनीला विचारायचा आहे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. यात ट्रकखाली आलेले आहेत, तसे ट्रकमध्ये बसलेलेही आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. विदर्भाच्या मे महिन्यात ती चैन नव्हे. पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावणार आहेत आणि एसीने झोप भरून निघत नाही.

यावर एक प्रयोग झाला होता. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिविगो कंपनीने रिले पद्धत आणली. एक चालक काही तास गाडी नेतो, ठरलेल्या ठिकाणी दुसऱ्याकडे देतो आणि उलट दिशेची गाडी घेऊन घरी परततो. गाडी थांबत नाही, माणूस मात्र रोज घरी. कंपनी नफ्यात टिकली नाही. २०२२ मध्ये तिचा एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना घेतला. तरी चालक का सोडून जातात, याचे निदान तिने अचूक केले होते.

अमेरिकेतही मोठ्या ट्रक कंपन्या नव्या माणसाला काही आठवडे अनुभवी चालकाच्या बाजूला बसवून शिकवतात, ड्रायव्हिंगची मर्यादा ११ तासांची आहे आणि तास यंत्रावर नोंदले जातात. तिथेही लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत चालक बदलण्याचा वार्षिक दर अनेक वर्षे ९० टक्क्यांच्या आसपास राहिला. भरती करणे सोपे, टिकवणे अवघड, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

अपघात झाला तर

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक उभे राहिले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कारण होते भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२): अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळाल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. पण निष्काळजीपणाने मृत्यूसाठी जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत असलेली शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे.

चालकांची खरी भीती जमावाची असते. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ ती ओळखते. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे. अशा वेळी जवळचे पोलीस ठाणे गाठणे किंवा ११२ वर कळवणे, हाच बचावाचा मार्ग. फोनची नोंद नंतर कोर्टात कामी येते.

चालकच दगावला तर प्रश्न घरच्यांवर येतो. गाडीच्या विम्यात पगारी चालकाच्या भरपाईची जबाबदारी धरलेली असते. मात्र तो त्या मालकाचा चालक होता, हे दाखवावे लागते. नेमणूकपत्र नाही, पगार रोखीने, पीएफ नाही. मग लामत्याच्या विधवेने नागपूरच्या ऑफिसात काय दाखवायचे? वर्षाला २० रुपये हप्त्याची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २ लाखांचा आधार देते. तो आधार आहे, मालकाच्या जबाबदारीला पर्याय नव्हे.

शिकायचे कुठे?

अशोक लेलँडच्या भागीदारीतील ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था छिंदवाड्यात आहे. बालाघाटच्या पोरांसाठी ती फार दूर नाही. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे आणि तो पास केल्यावर आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. गॅस, पेट्रोल अशा धोकादायक मालाचे वेगळे प्रशिक्षण घेतले की टँकरचे दार उघडते. तिथे शिस्त कडक असते आणि साध्या गाडीपेक्षा कसबाला भाव असतो.

अडचण पैशाची आणि सहा आठवडे राहण्याची आहे. मध्य प्रदेश सरकारने बालाघाटच्या तरुणांच्या फीची आणि वसतिगृहाची सोय केली, तर रोजगार मेळाव्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. महाराष्ट्राचीही जबाबदारी आहे. नागपूर-गोंदियात काम करणारा एमपीचा चालक कामगार आयुक्तालयाच्या नोंदीत दिसला पाहिजे. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा पूर्ण पट्टा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो गोंदियापर्यंत वाढवण्याचे नियोजन आहे. रस्ता वाढेल तसे चालकांसाठी पार्किंग, शौचालय आणि झोपायची जागाही त्याच आराखड्यात यायला हवी.

तोपर्यंत लामत्याहून निघणाऱ्या पोराने गाडीची चावी घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. नेमणूकपत्र कुणाच्या नावाचे? यूएएन कधी मिळणार? डिझेलचा अॅव्हरेज कोणत्या गाडीवर, किती वजनावर ठरवला? लांबच्या ट्रिपला दुसरा चालक आहे का? नीट उत्तर देणाऱ्या कंपनीत पहिले वर्ष काढले, तर पुढची पाच-दहा वर्षे हातात काम राहते. उत्तर टाळणाऱ्या कंपनीची गाडी कितीही नवी असली, तरी त्या दारातून परत फिरणे म्हणजे ‘जमलं नाही’ असे नव्हे. २२ लाख चालक कमी आहेत म्हणणाऱ्या धंद्यात चालकाला विचारायचा हक्क आहेच.