अक्षरांची किल्ली कष्टकऱ्यांच्या मुलांच्या हाती द्या!

‘असर’च्या २०२४ सालच्या ग्रामीण सर्वेक्षणात सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी अवघी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ साली हेच प्रमाण १६.३ टक्के होते. या वाढीचा डांगोरा पिटणाऱ्यांनी उरलेल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मुलांबद्दल मात्र मौन पाळले आहे.

हा दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. बोलणे मूल घरात आपोआप शिकते. वाचन तसे येत नाही, ते शिकवावेच लागते. देवनागरी उच्चारानुसारी आहे हे खरे, पण तिच्यातही नवशिक्याला अडवणाऱ्या जागा आहेत. ‘कि’मधील वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, तिचा उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’मधील ‘र’ आधी उच्चारला जातो, पण त्याची खूण ‘य’च्या डोक्यावर बसते. ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ लिहायला एक, बोलायला वेगळा. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत, हा नियम कानाने कळत नाही. तो सांगावा लागतो आणि सरावाने रुजवावा लागतो. प्रथम ध्वनी, मग अक्षर, मग मात्रा, मग जोडाक्षर, आणि प्रत्येक पायरीवर ऐकणे, उच्चारणे व लिहिणे एकत्र, अशी बांधीव पद्धत म्हणूनच आवश्यक ठरते.

ही पद्धत नवी नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेत १९३०च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी ती विकसित केली. इंग्रजी वाचनाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन तेथील राष्ट्रीय वाचन मंडळानेही २००० साली क्रमबद्ध ध्वनिशिक्षणाच्या बाजूने कौल दिला. परंतु आपल्या महानगरांत हेच ज्ञान तासाच्या दराने विकले जाणारे खाजगी शिकवणीचे माल बनले आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेस मान्यता दिली. तरीही संपन्न घरातील मुलाला निदान आणि शिकवणी मिळते, तर यंत्रमाग कामगाराच्या मुलाच्या वाट्याला ‘ढ’ हा शिक्का येतो. अडचण एकच, वर्ग बदलताच तिचे नाव बदलते!

चळवळीतील काही मित्रांना ध्वनी-अक्षरांचा सराव म्हणजे निर्जीव घोकंपट्टी वाटते. त्यांनी पाउलो फ्रेइरे यांचे काम पुन्हा पाहावे. १९६३ साली ब्राझीलमधील अँजिकोस येथे सुमारे ३०० कष्टकऱ्यांना सुमारे ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग त्यांनी केला. ‘तिजोलो’, म्हणजे वीट, यासारखा कष्टकऱ्यांच्या जीवनातील शब्द घेऊन प्रथम त्यावर चर्चा होई. मग तोच शब्द फोडून त-ते-ति-तो-तु, ज-जे-जि-जो-जु अशी अक्षरकुले मांडली जात. ही आपली बाराखडीच नव्हे काय? अर्थ आणि अक्षर यांत तेथे वैर नव्हते. १९६४च्या लष्करी उठावानंतर फ्रेइरे यांना तुरुंगात आणि पुढे परागंदा व्हावे लागले. श्रमिकाने वाचायला शिकणे सत्ताधाऱ्यांना का खुपते, हे यावरून कळते.

तेव्हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही, तो साधनांचा आहे. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने प्रत्येकाचे अडखळणे कसे ऐकावे? प्राथमिक शाळेत साधारणतः ३० मुलांमागे एक शिक्षक, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे बंधन आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्याची कोठारी आयोगाची १९६६ची शिफारस २०२०च्या धोरणानेही उच्चारली. ती अमलात कधी येणार?

रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. शिक्षकांना ध्वनी-अक्षर पद्धतीचे पगारी प्रशिक्षण द्या. मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेतच, विनाशुल्क, जादा तास ठेवा. गोंडी, कोरकू, संथाळी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या मातृभाषेतून अक्षरओळख द्या. या मागण्या घेऊन कामगार वस्त्यांत आणि पाड्यांवर पालकांना संघटित करणे, हे प्रत्येक शाखेचे काम आहे. ज्याला पगाराची चिठ्ठी, सातबारा आणि कायद्याचा कागद स्वतः वाचता येतो, त्याला फसवणे कठीण असते.