सल्ल्याचे वजन

युरोपीय संघाने १९९५ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा निर्देश, म्हणजे सदस्य राष्ट्रांनी आपापल्या कायद्यांत उतरवायचा सामायिक आराखडा, संमत केला, तेव्हा त्यातील २९व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय पर्यवेक्षकांचा एक सल्लागार कार्यगट निर्माण केला. त्याची मते बंधनकारक नव्हती. तरीही, नाव नसलेल्या नोंदीवरूनही माणूस ओळखता येत असेल तर ती व्यक्तिगत माहितीच होय, ही बाब त्याने २००७ सालच्या मतात ज्या बारकाईने उलगडली, तिने या संज्ञेच्या आकलनाला भक्कम आधार दिला. हे वजन अधिकाराचे नव्हे, निर्देशानेच दिलेल्या स्वातंत्र्याचे होते. २५ मे २०१८ रोजी त्याची जागा घेणाऱ्या युरोपीय माहिती संरक्षण मंडळाला मात्र पर्यवेक्षकांमधील वादांवर बंधनकारक निर्णयही देता येतात.

पर्यवेक्षकाच्या स्वातंत्र्याचा हाच प्रश्न भारतातही आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या माहिती संरक्षण कायद्याच्या २०१८ सालच्या मसुद्यात पर्यवेक्षक प्राधिकरणाच्या निवड समितीचे अध्यक्षपद सरन्यायाधीशांकडे किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेल्या न्यायाधीशांकडे होते. २०२३ च्या कायद्याने मात्र त्या प्राधिकरणाऐवजी आलेल्या भारतीय मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकारकडे सोपवल्या, आणि नागरिकांच्या माहितीचा प्रचंड साठा सरकारपाशीच असल्याने ही तफावत गंभीर आहे.