सही करण्यापूर्वी वाचा
शाळा सुरू झाली की जीवशास्त्राच्या वर्गातून सुरक्षिततेच्या नियमांचा कागद घरी येतो. त्यात विच्छेदनाचाही उल्लेख होता. मी न वाचताच सही केली. बेडूक कापला त्या रात्री लेक जेवली नाही. मार्क जातील म्हणून वर्गात गप्प बसली होती. कॅलिफोर्नियात १९८८ च्या कायद्याने नैतिक हरकत असल्यास पालकांच्या चिठ्ठीवर विच्छेदन नाकारता येते. त्यावरून भेदभाव करता येत नाही. पर्यायी काम मात्र तितक्याच कष्टाचे असते. ज्यांना विच्छेदन करायचे आहे, त्यांच्या गॉगलवर ‘झेड ८७’ ही खूण पाहावी. मार्क आपण रोज विचारतो. वर्गात भीती वाटते का, हेही विचारू या.